दहा फुटांवरची टोपली

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर यंदा सातव्या क्रमांकाला एक विषय आहे : 'इमारतीच्या मागील बाजूस असलेली बास्केटबॉलची रिंग काढून तेथे दोन मोटारी उभ्या करण्याची सोय करणे.' मी सोसायटीचा खजिनदार आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायट्या हे पद न विचारताच बहाल करतात. तो कादंबऱ्या लिहितो हे मात्र कुणाच्या फारसे लक्षात राहत नाही. तेव्हा दोन मोटारींचे महिन्याचे भाडे किती येईल, वर्षाकाठी त्याचे किती होतील, लोखंडी खांब भंगारात काय भावाने जाईल, हा हिशेब माझ्याकडेच आला. मी तो काढून दिला. हिशेबात चूक नाही. सेक्रेटरींच्या हाती कागद ठेवून घरी आलो, तर आठवीतला नातू दारातच उभा. "आबा, रिंग काढायचा हिशेब तुम्ही करून दिलात?" एवढेच त्याने विचारले. अडतीस वर्षांच्या नोकरीत ऑडिटरांनी पुष्कळ प्रश्न विचारले, पण इतके अवघडायला कधी झाले नव्हते.

माझ्या पिढीच्या मराठी माणसाचा या खेळाशी संबंध बेताचाच. आमच्या शाळेच्या मैदानावर खो-खो, हुतूतू, लंगडी आणि चेंडू मिळाला तर क्रिकेट. बास्केटबॉल ही कॉन्व्हेंट शाळांच्या कुंपणाआडून दिसणारी गोष्ट होती. नातवाला काहीतरी उत्तर द्यावे लागणार म्हणून मी या खेळाविषयी वाचू लागलो, आणि वाचता वाचता माझ्यातला बँकवाला आणि कादंबरीवाला दोघेही जागे झाले.

बँकवाला आधी जागा झाला, कारण या खेळाच्या अलीकडच्या बातम्या अर्थविषयक पानावरच शोभाव्यात अशा आहेत. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स या संघाची बहुसंख्य मालकी विकण्याचा करार झाला, त्यात संघाचे मूल्य सुमारे १००० कोटी डॉलर धरलेले होते. त्याआधी मार्चमध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा सौदा ६१० कोटी डॉलरला ठरला. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने २०२४ मध्ये प्रक्षेपणाचे जे करार केले, ते ११ वर्षांचे आणि एकूण सुमारे ७६०० कोटी डॉलरचे आहेत. लेकर्सची मागची विक्री झाली होती १९७९ मध्ये, पावणेसात कोटी डॉलरना. आणि त्या किमतीत एक हॉकीचा संघ, एक बंदिस्त स्टेडियम आणि एक मोठे रँचही आले होते. सवयीने मी कागदावर आकडेमोड केली. बाकीचे सगळे सोडून दिले तरी ४६ वर्षांत दरसाल साडेअकरा टक्के चक्रवाढ. आमच्या काळात मुदतठेवीवर एवढे व्याज आम्ही काउंटरवर बसून देत होतो, हे सांगितल्यावर नातू हसला. पण तो रुपया होता आणि हा डॉलर आहे, हे मला कळते.

दुसऱ्या जातीच्या बातम्याही आहेत. एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने आपल्याच एका खेळाडूवर आजन्म बंदी घातली. आपल्या प्रकृतीची गुप्त माहिती त्याने सट्टा लावणाऱ्यांना पुरवली होती आणि त्यांच्या सोयीसाठी सामन्यातून लवकर अंगही काढून घेतले होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिल्यानंतर हे घडणार, असे म्हणणारे तेव्हाही होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सट्टा आणि जुगाराच्या तपासात आणखी अटका झाल्या. अशा बातम्या वाचल्या की आपल्याकडचे सज्जन वाचक मान हलवून म्हणतात, पैशाने खेळ नासवला. मीही तेच म्हणणार होतो. पण मूळ गोष्ट वाचल्यावर ते इतके सरळ राहिले नाही.

ती गोष्ट १८९१ च्या डिसेंबरातली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावातली. तेथे वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे प्रशिक्षण विद्यालय होते. तेथे तयार होऊन मंडळी देशोदेशीच्या शाखांवर शारीरिक शिक्षक किंवा चिटणीस म्हणून जात. भावी चिटणिसांच्या वर्गात १८ जण होते. वयाने थोराड, स्वभावाने हिशेबी, व्यायामाची गोडी नसलेले. बाहेर बर्फ. फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलचा वसंतापर्यंत येणार नाही. मधल्या महिन्यांत व्यायामशाळेत रोज तासभर त्याच त्या कवायती, डंबेल्स आणि उड्या. चिटणीस मंडळी कंटाळली, कुरकुरू लागली. आमच्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात चाळिशी उलटलेल्या अधिकाऱ्यांना पहाटे सहाला योगासनांना उभे करीत, तेव्हाचे आमचे चेहरे मला आठवले. त्या वर्गापुढे दोन शिक्षकांनी हात टेकले, आणि विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग तिसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात घातला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ काढा, मुदत दोन आठवडे.

हा तिसरा शिक्षक म्हणजे जेम्स नेस्मिथ. वय तीस. कॅनडातल्या आँटॅरिओ प्रांतात अल्मोंट गावाजवळ जन्मलेला. नऊ वर्षांचा नसेल-असेल तोच आई-वडील दोघेही विषमज्वराने गेले, मामाने वाढवले. मधेच शाळा सोडून लाकूडतोडीच्या तळावर काम केले, मग पुन्हा शाळा, मग माँट्रिअलचे मॅगिल विद्यापीठ, मग धर्मशास्त्र. पाद्री व्हायचे शिक्षण पुरे केलेला हा तरुण व्यासपीठाऐवजी व्यायामशाळेत उभा राहिला. माणसाला चांगले वळण लावायचे तर मैदानावरही लावता येते, असे त्याचे मत होते.

पहिले बारा दिवस त्याला अपयशच आले. त्याने फुटबॉल आत आणून पाहिला, सॉकर आणला, लॅक्रॉस आणला. खिडक्यांच्या काचा आणि गड्यांची हाडे धोक्यात आली. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो इथे. 'एका रात्री स्फुरले' असे आपल्याला ऐकायला आवडते. त्याला काही स्फुरले नाही. त्याने बसून विचार केला, एखादा अधिकारी थकलेल्या कर्जखात्याची फाईल पुढे ओढून घेतो तसा. फुटबॉल आत का खेळता येत नाही? कारण गडी एकमेकांना पाडतात. का पाडतात? कारण चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवायचे असते. मग चेंडू घेऊन पळायलाच बंदी केली तर? पाडण्याचे कारणच उरत नाही. ज्याने चेंडू झेलला त्याने तिथूनच तो फेकायचा. सगळा खेळ या एका नकारातून निघाला आहे.

राहिला गोल. गोल उभा असेल तर चेंडू जोरात मारावासा वाटतो, आणि जोर आला की इजा आली. इथे त्याला लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर लहान दगड ठेवायचा आणि लांबून दगड फेकून तो उडवायचा. इंग्रजीत त्याला 'डक ऑन अ रॉक' म्हणत. आपल्या लगोरीची चुलत बहीणच म्हणा. त्यात ताकदीने फेकलेला दगड लांब जाऊन पडे आणि तो आणायला पळणारा गडी मारला जाई. हलक्या हाताने, कमानीसारखा उंच फेकणारा जिंके. नेस्मिथने ठरवले, गोल आडवा हवा आणि डोक्यांच्या वर हवा. म्हणजे ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा.

दुसऱ्या दिवशी त्याने इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्स यांच्याकडे अठरा इंची दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन टोकांना खिळ्यांनी ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आज जगभरातल्या प्रत्येक अधिकृत मैदानावर रिंग दहा फुटांवर असते, ती त्या सज्जामुळे. सज्जा अकरा फुटांवर असता तर या खेळाचा सारा इतिहास, त्यातली उंच माणसे, त्यांचे पगार, सगळेच थोडे वेगळे झाले असते. कादंबरीत असा योगायोग घातला तर संपादक खोडतात.

तेरा नियम तासाभरात लिहून झाले. कार्यालयातल्या बाईंनी ते दोन कागदांवर टंकलिखित केले आणि नेस्मिथने ते सूचनाफलकावर लावले. धक्का देणे, धरणे, पाय घालणे, मारणे यांना मनाई. एका बाजूने ओळीने तीन चुका केल्या तर दुसऱ्या बाजूला एक गोल. पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव. १८ जण होते म्हणून एका बाजूला नऊ. २१ डिसेंबर १८९१ या दिवशी पहिला सामना झाला आणि त्यात एकच गोल झाला, विल्यम चेस नावाच्या गड्याने लांबून केलेला. टोपलीला बूड होते. गोल झाला की शिडी लावून चेंडू काढावा लागे. एका विद्यार्थ्याने सुचवले की खेळाला 'नेस्मिथ बॉल' म्हणावे. नेस्मिथ हसला, ते नाव दिले तर खेळ मरेल, असे त्याचे म्हणणे. मग त्याच विद्यार्थ्याने म्हटले, टोपली आहे, चेंडू आहे, 'बास्केट बॉल' म्हणू या.

नंतरचे बरेचसे खेळणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी घडवले. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवू किंवा ढकलू लागले, म्हणून टोपलीमागे फळा आला. तो फळा मग खेळाचाच भाग झाला. चेंडू आपटत नेणे नियमांत कुठेच नव्हते. चहूबाजूंनी घेरलेला गडी चेंडू हातातून सोडून द्यायचा आणि पुन्हा पकडायचा, त्यातून ती युक्ती निघाली. आमच्या मागच्या अंगणात संध्याकाळी जो धप धप आवाज येतो आणि ज्याबद्दल पहिल्या मजल्यावरून लेखी तक्रारी येतात, त्या आवाजाचा मूळ नियमावलीत मागमूस नाही.

बायकांनी तर तीन महिनेही वाट पाहिली नाही. शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका जेवणाच्या सुट्टीत बघायला येत. १८९२ च्या वसंतात त्या स्वतःच खेळू लागल्या. त्यांच्याबरोबर खेळलेल्या मॉड शर्मन हिच्याशी दोन वर्षांनी नेस्मिथचे लग्न झाले. जवळच्या नॉर्दॅम्प्टन गावातल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवला. मुलींना फार धावावे लागू नये म्हणून तिने मैदानाचे तीन भाग पाडले आणि मार्च १८९३ च्या सामन्याला पुरुषांना मज्जाव केला. मुलींना जपायचे म्हणून त्यांना रोखायचे आणि रोखता रोखता एक दार उघडून द्यायचे, हे दोन्ही त्या बाईंनी एकाच वेळी केले. आपल्याकडच्या पहिल्या मुलींच्या शाळांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल.

आता पैशाकडे येतो. खेळ निघाल्यावर दोन-चार वर्षांतच वायएमसीएच्या काही शाखा या खेळावर रागावल्या. ज्या व्यायामशाळेत पन्नास-साठ माणसे एका वेळी कवायत करीत, ती जागा आता दहा माणसे अडवून बसू लागली, आणि वर दंगा. काही ठिकाणी खेळाला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. (आमच्या सभेतला सातवा विषय म्हणजे काही नवीन शोध नव्हे. जागेच्या चौरस फुटांचा हिशेब तेव्हाही मांडला गेला होता आणि तेव्हाही तो बरोबरच असणार.) बाहेर पडलेल्या गड्यांनी मग भाड्याने सभागृहे घेतली, भाडे निघावे म्हणून तिकिटे लावली, आणि तिकिटांतून उरलेले वाटून घेतले. १८९६ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथे असा सामना झाला. गड्यांना प्रत्येकी पंधरा डॉलर मिळाल्याचे सांगतात. म्हणजे टोपली ठोकल्याला पाच वर्षे होतात न होतात तोच पैसा आला, आणि तो भांडवलदाराने नव्हे तर जागा नाकारली गेलेल्या खेळाडूंनी आणला. तेव्हा जुना खेळ सोवळा आणि नवा बाजारू, ही विभागणी मला पटत नाही. फरक आहे, पण तो दुसरीकडे आहे.

नेस्मिथने या खेळाचे पेटंट घेतले नाही. टोपलीचे नाही, नियमांचे नाही, नावाचे नाही. १५ जानेवारी १८९२ ला विद्यालयाच्या 'ट्रँगल' या पत्रिकेत नियम छापून आले आणि ते पोस्टाने शाखाशाखांत गेले. ज्याला हवे त्याने खेळावे. पुढे त्याने डेन्व्हरला जाऊन वैद्यकाची पदवी घेतली आणि १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात प्राध्यापकी केली. तेथील संघाचा तो पहिला प्रशिक्षक. ५५ सामने जिंकला, ६० हरला. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक हरलेला प्रशिक्षक तो एकटाच. खेळ ज्याने काढला त्यालाच त्यात जिंकण्याची फारशी हौस नव्हती, असे दिसते. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलला पदकांचा खेळ म्हणून स्थान मिळाले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या या गृहस्थाला तिथे पाठवण्यासाठी प्रशिक्षकांच्या संघटनेला निधी गोळा करावा लागला. अंतिम सामना उघड्यावर, पावसात, चिखल झालेल्या मैदानावर झाला. चेंडू आपटेना. अमेरिका १९, कॅनडा ८.

१९३९ च्या नोव्हेंबरात नेस्मिथ वारले. ते दोन टंकलिखित कागद घराण्यात राहिले. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात ते विक्रीला आले आणि ४३ लाख डॉलरना गेले. त्याच दिवशी तिथे अब्राहम लिंकन यांची सही असलेली, गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याची एक प्रतही विकली गेली. तिला ३८ लाखांच्या आत किंमत आली. मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बराच वेळ बघत बसलो. कागद विकत घेणाऱ्या गृहस्थांनी ते कॅन्सस विद्यापीठाला दिले, तिथे ते आज कुणालाही बघता येतात. पण विकला गेला तो कागद. त्यावरचे नियम विकायला कुणाकडेच नव्हते, कारण ते आधीच सगळ्यांचे होऊन गेले होते.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. १९९६-९७ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक निवृत्तीला आलेले व्यायामशिक्षक कर्ज मागायला आले. शाळेला मैदान नव्हते, होते ते कौलारू इमारतीमागचे चिंचोळे अंगण. त्या अंगणात खेळता येईल असा एक खेळ त्यांनी बसवला होता. बांबूची कडी, कापडी चेंडू आणि एक चाळीस पानी वही, तिच्यात नियम आणि पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या. नियमांची पुस्तिका छापून, कड्यांचे पन्नास संच करून जिल्ह्यातल्या शाळांना द्यायचे होते. पंचवीस हजार रुपये हवे होते. मी विचारले, गुरुजी, तारण काय? त्यांनी वही पुढे सरकवली. मी हसलो. उपहासाने नव्हे, पण हसलो. घर वडिलोपार्जित, सात-आठ जणांच्या नावावर, जामीन मिळेना. अर्जच घेतला नाही, त्यामुळे नामंजुरीचे कारण लिहिण्याचाही प्रश्न आला नाही. त्या वहीतला एकच नियम मला आठवतो : या फेरीत ज्याच्या हाती चेंडू अजून आलेला नाही, त्यालाच तो द्यायचा. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "नाहीतर साहेब, हुशार चार पोरंच खेळत्यात. बाकीची नुसती पळत्यात." वर्षभरात माझी बदली झाली. त्या खेळाचे नावही मी विचारले नव्हते.

नियमाने पाहता मी काही चूक केली नाही. वहीवर कर्ज देण्याची तरतूद नाही आणि नसावी. माझा मुद्दा दुसरा आहे. नेस्मिथलाही कुणी कर्ज दिले नव्हते. त्याला जे मिळाले ते गुरुजींना मिळाले नाही : हिवाळ्यात गरम असलेले एक सभागृह, महिन्याचा पगार, 'काढा काहीतरी' म्हणणारा वरिष्ठ, आणि दाराशी उभे असलेले टपाल. त्या १८ जणांत जपानचा एक विद्यार्थी होता. दोन बाजूंपैकी एका बाजूचा म्होरक्या होता डंकन पॅटन. त्यानेच १८९४ मध्ये हा खेळ हिंदुस्थानात नेला, असे नेस्मिथने आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. १८९३ मध्ये पॅरिसला सामना झाला. ते लाकडी फरशीचे सभागृह अजून उभे आहे. १९२० मध्ये स्प्रिंगफील्डचेच पदवीधर हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत, मस्तान तलावाच्या मैदानात, घरी पंखासुद्धा नसलेली पोरे या खेळात तयार झाली, आणि तिथले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले; १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. हे श्रेय टोपलीइतकेच त्या जाळ्याचे आहे.

आपल्या खो-खोशी ताडून पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम १९१४ मध्ये लिहून काढले. ज्या बर्लिनमध्ये म्हाताऱ्या नेस्मिथने पहिला चेंडू उडवला, त्याच बर्लिनमध्ये त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. पण बास्केटबॉलला टोपलीपासून ऑलिम्पिक पदकापर्यंत ४५ वर्षे लागली, आणि खो-खोचा पहिला विश्वचषक व्हायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले. दिल्लीत झालेली ती स्पर्धा पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारताने जिंकली. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही आपल्याकडचे. खेळ कमअस्सल होता म्हणून १११ वर्षे लागली असे कोण म्हणेल? खो-खोला साधन लागते ते दोन खांब, तेवढेच. आपल्याकडे गुरुजी होते, आखाडे होते, स्वयंसेवक होते. नियमांचे पुस्तक पगारी माणसाच्या हातून दूरच्या गावी पोचवणारी यंत्रणा नव्हती. आता फ्रँचायझींचे पैसे आले आहेत, त्याचे मला वाईट वाटत नाही. खेळाडूच्या घरी चूल पेटते. मला काळजी आहे ती तळाची. लीगचे मूल्य दसपट झाले तरी शाळेमागचे अंगण आपोआप वाढत नाही, आणि त्या अंगणावरच कुणीतरी मोटार उभी करायला टपलेला असतो. तो 'कुणीतरी' बहुधा माझ्यासारखाच हिशेबाला चोख असतो.

नेस्मिथला देव करण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३० च्या दशकात जॉन मॅकलेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला शिकायला आला. विद्यापीठाच्या संघात त्याच्या वर्णाच्या मुलाला जागा नव्हती. म्हातारे प्राध्यापक नेस्मिथ त्याचे मार्गदर्शक झाले. जे खेळू दिले जात नव्हते ते त्यांनी शिकवले. तो मुलगा पुढे अमेरिकेतल्या नामवंत प्रशिक्षकांत गणला गेला. संघाचे दार उघडणे नेस्मिथच्या हाती नव्हते किंवा त्यांनी तेवढा जोर लावला नाही, दोन्ही शक्य आहे.

परवा संध्याकाळी नातू म्हणाला, "आबा, आपली रिंग दहा फुटांवर आहे का, बघू या." मी कपाटातून मोजपट्टी काढली. बँकेत तारण घरांची पाहणी करताना वापरायचो तीच. तो स्टुलावर चढला, मी खाली टोक धरले. चार पोरे भोवती जमली. नऊ फूट साडेआठ इंच भरली. बसवणाऱ्याने पेव्हर ब्लॉक घालायच्या आधीच्या जमिनीपासून मोजली असणार. "तरीच शाळेच्या रिंगमध्ये माझे शॉट्स कमी पडतात," एक मुलगी म्हणाली. तिच्या वडिलांनीच सातवा विषय मांडला आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, गणपूर्ती झाली नाही तर साडेदहाला. खजिनदाराच्या अहवालात मी एक ओळ वाढवली आहे : खांब साडेतीन इंच वर उचलून पुन्हा पक्का बसवण्याचा अंदाजे खर्च. वेल्डरकडून दर मागवला आहे.